साहेब प्रार्थनेत आहेत

सोमवार, ९ मार्च

प्रिय ताई,

तुला आणि भावोजींना सलाम. तुझं पत्र शनिवारीच आलं, पण शनिवारी आमच्या घरात कुणी मोठ्याने शिंकलेलंसुद्धा चालत नाही. दुसऱ्या दिवशीचं प्रवचन तयार व्हायचं असतं. रविवारी तर माणसंच माणसं. म्हणून आज, माझ्या सुट्टीच्या वारी, चहाचा कप शेजारी ठेवून उत्तर लिहायला बसलो आहे. इकडे सगळं ठीक आहे. तुझी भावजय मजेत आहे, कंबर तेवढी अधूनमधून कुरकुरते. मीही ठीक आहे.

पोरीचं लग्न ठरलं हे वाचून फार बरं वाटलं. माझ्या खांद्यावर बसून माझे कान ओढणारी ती चिमणी आता संसाराला लागणार म्हणजे आपण म्हातारे झालो, तू माझ्या आधी. मुलगा जमिनी मोजून नकाशे काढतो म्हणजे दिवसभर नेमकं काय करतो ते सविस्तर कळव. भावोजींना तो पहिल्या भेटीतच पसंत पडला याचं मला नवल वाटलं. त्यांना अजून मी कुठे पसंत पडलोय.

लग्न मामानेच लावायचं असा तिचा हट्ट आहे, असं तू लिहिलं आहेस. बघू. डायरी बघून सांगतो. त्या महिन्यात आमच्याकडे बरीच कामं आहेत, नेमकी कोणती ते आत्ता आठवत नाही.

इकडची बातमी म्हणजे, ख्रिस्तमंदिरातल्या बाकांवर गाद्या घालाव्यात की नाही यावरून मंडळीच्या कमिटीत सध्या दोन तट पडले आहेत. गादीवाले म्हणतात, म्हाताऱ्यांची हाडं दुखतात. बिनगादीवाले म्हणतात, गाद्या आल्या की लोक प्रवचनात झोपतील. ते गाद्यांशिवायही झोपतात हे मी बोललो नाही. दोन्हीकडचे लोक आळीपाळीने घरी येऊन एकमेकांची गाऱ्हाणी माझ्या कानात ओततात, आणि जाताना दारात चपला घालता घालता म्हणतात, "पाळकसाहेब, तुमच्याशी बोललं की कसं हलकं वाटतं." मग मी त्यांच्यासाठी प्रार्थना करतो आणि दार लावून घेतो.

मागच्या आठवड्यात बिशपसाहेबांच्या कचेरीने आम्हा पाळकांसाठी मनाच्या आरोग्याचं शिबिर ठेवलं होतं. एका डॉक्टरीणबाईंनी आम्हाला गोल बसवलं, डोळे मिटून श्वास घ्यायला लावला, आणि म्हणाल्या, आता एकेकाने आपल्या मनावर काय ओझं आहे ते मोकळेपणाने सांगा. बिशपसाहेब स्वतः गोलात बसले होते. आमच्या बदल्या ज्यांच्या हातात, त्यांच्यासमोर कोण तोंड उघडणार? पहिला म्हणाला, देवाच्या दयेने सगळं छान आहे. दुसऱ्याचंही दयेने छानच होतं. दया अशी गोल फिरत फिरत माझ्यापर्यंत आली आणि मीही तेच म्हणालो. बाई कागदावर काहीतरी लिहीत होत्या, त्या लिहायच्या थांबल्या. शेवटी प्रत्येकाला एकेक पाण्याची बाटली भेट मिळाली. तिचं झाकण गळतं.

आणि हो, मागच्या महिन्यात आमचे म्हातारे घड्याळजी वारले. तुला आठवत असतील, मागे तू आली होतीस तेव्हा तुझं घड्याळ त्यांनी बसल्या बैठकीला दुरुस्त करून दिलं होतं. प्रवचन लांबलं की ते खिशातलं घड्याळ काढून कानाला लावायचे, मला दिसेल असं. त्यांच्या दफनविधीत माझ्याकडून एक छोटीशी चूक झाली, पण लोकांनी सांभाळून घेतलं. थोडी दगदग झाली होती, दुसरं काही नाही.

पोरीला सांग, मामा फार आनंदात आहे. तारखेचं नंतर कळवतो.

तुझा,
भाऊ


सोमवार, ३० मार्च

प्रिय ताई,

या खेपेला तुझ्या पत्रात खुशाली वगैरे काही नव्हतं, थेट उलटतपासणीच होती. मास्तरीण निवृत्त झाली तरी छडी हातातच आहे. म्हणून मीही सरळ मुद्द्यावर येतो. तू विचारलंस की चूक कसली, डायरीत काय आहे, आणि पोरीने मला फोन केले तेव्हा दर वेळी मामीने "साहेब प्रार्थनेत आहेत" असं का सांगितलं.

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. ही स्वतःच्या भाचीशी बोलतानाही मला "साहेब" म्हणाली, इतकं ते वाक्य तिच्या तोंडात बसलं आहे. ते वाक्य तुझ्या कानावर गेलं की तुला काय ते समजणार, हे मला माहीत होतं. खरं तर म्हणूनच मी घाबरलो होतो.

बाबा पाळक होते तेव्हा आपल्या घरी ते वाक्य आई म्हणायची. सोमवारी कुणीही दार वाजवलं की ती पुढच्या खोलीत उभी राहून, अगदी शांत आवाजात सांगायची, साहेब प्रार्थनेत आहेत. लोक आदराने मान झुकवून परत जायचे. आपण दोघं मागच्या पायऱ्यांवर तोंडातून ब्र न काढता खेळायचो. मग एकदा तू मागच्या खिडकीच्या कठड्यावर चढून आत डोकावलीस आणि खाली येऊन मला सांगितलंस, "बाबा प्रार्थना-बिर्थना काही करत नाहीयेत. बूट घालून भिंतीकडे तोंड करून नुसते पडलेत." मी तुझ्याशी कितीतरी दिवस बोललो नाही. तू बाबांबद्दल खोटं बोललीस असं मला वाटलं. तेव्हा वाटलं म्हणजे, वाटून घेतलं.

आता आमच्या घरात आतल्या खोलीत मी असतो.

अंगात ताप नाही, कुठे दुखत नाही. सकाळी उठतो, दाढी करतो, कपडे घालतो. बूट चढवतो आणि लेस बांधेपर्यंत सगळी ताकद संपते. पलंगाच्या कडेवर बसतो, मग आडवा होतो. ही चहा आणून ठेवते आणि थोड्या वेळाने गार झालेला कप उचलून नेते. आधी फक्त सोमवारी असं व्हायचं. मग मंगळवारही गेला. ती बिचारी काही विचारत नाही. पाळकाच्या बायकोला हे सगळं कुणी शिकवत नाही, पण सगळ्या जणी कुठून तरी शिकतात.

लोकांना वाटतं पाळक आठवड्यातून एकदा तासभर बोलतो आणि बाकीचे दिवस आराम करतो. ताई, गेल्या हिवाळ्यातला एक दिवस सांगतो. सकाळी एका तान्ह्या मुलीचा बाप्तिस्मा. हसायचं, फोटोत उभं राहायचं. तिथून हॉस्पिटल. तिथे एक तरुण बाई नवऱ्याचा हात सोडायला तयार नव्हती आणि नर्स मला खुणा करत होती की आता तुम्हीच समजावा. मी समजावलं. तिथून गाद्यांची मीटिंग. एका घराच्या दारातून दुसऱ्या घराच्या दारात जाईपर्यंत स्कूटरवर जेवढा वेळ मिळतो तेवढ्यात चेहरा बदलायचा. त्या मीटिंगमध्ये कमिटीचे चिटणीस म्हणाले, साहेबांचं आज लक्ष दिसत नाही. मी माफी मागितली. माझ्या बोटांना अजून हॉस्पिटलच्या साबणाचा वास येत होता.

आणि प्रार्थनेचं विचारशील तर, आजाऱ्याच्या उशाशी उभा राहिलो की तोंड आपोआप सुरू होतं. शब्द बरोबर, आवाज बरोबर, ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी. मी मात्र खिडकीबाहेर वाळत घातलेल्या चादरी बघत असतो. ज्याच्याकडे मी सगळ्या जगाला पाठवतो, त्याच्याशी माझंच बोलणं बंद पडलं आहे. हे कुणाला सांगायचं? डॉक्टर आजारी पडला तर तो दुसऱ्या डॉक्टरकडे जातो. पाळकाला फक्त बिशपसाहेब असतात.

आता ती चूक. घड्याळजींच्या मातीच्या वेळी ऐन वाक्यात मला त्यांचं नाव आठवलं नाही. मी तसाच थांबलो. चिटणीसांनी माझ्या हातातून पुस्तक घेतलं आणि पुढच्या प्रार्थनेपासून वाचून विधी उरकला. त्यानंतर कमिटीने मला विश्रांती दिली आहे. रविवारी शेजारच्या मंडळीचे तरुण पाळक येतात. त्यांचं प्रवचन आटोपशीर असतं, लोक खूश आहेत. तेव्हा डायरीत काय आहे याचं उत्तर असं की डायरी कोरी आहे. मी तुझ्याशी खोटं बोललो.

पोरीच्या लग्नात उभा राहून मी तिचंच नाव विसरलो तर? नको. तिची समजूत काढ. मी विश्रांती घेतोय, थोड्याच दिवसांत ताळ्यावर येईन. तू उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस.

तुझा,
भाऊ


सोमवार, २० एप्रिल

ताई,

तू लिहिलंस, "नाव विसरलास तर विसरलास, आम्ही सगळे बसलोय की समोर, सांगू ओरडून." आणि पोरीने खाली आपल्या अक्षरात लिहिलंय, मामा, मी माझं नाव कपाळावर लिहून येते. ते वाचून मी हसलो आणि मग मला रडू आवरेना. कारण जी गोष्ट तुम्ही दोघींनी इतक्या मोठ्या मनाने पोटात घातलीत, ती मुळात घडलीच नव्हती.

मी नाव विसरलो नव्हतो.

विधीच्या पुस्तकात वाक्य छापलेलं असतं आणि नावाच्या जागी नुसती रेघ असते. मी दर वेळी गेलेल्या माणसाचं नाव ठळक अक्षरांत चिठ्ठीवर लिहून त्या पानाला टाचणी लावतो. बाबाही तसंच करायचे. त्या दिवशीही घड्याळजींच्या नावाची चिठ्ठी होती, डोळ्यांसमोर होती. स्वच्छ ऊन पडलं होतं. मी हातात माती घेतली आणि म्हणालो, "आमचा प्रिय बंधू," आणि तिथे माझं नाव घेतलं. नाव, आडनाव, सगळं. "याचा देह आम्ही मातीच्या स्वाधीन करतो."

कुणी हसलं नाही. खड्ड्याशी उभ्या असलेल्या माणसाने फावडं तसंच धरून ठेवलं. मी दुरुस्ती करायला पुस्तकात बघितलं आणि तसाच बघत राहिलो. तेव्हा चिटणीस पुढे आले.

पण तुला ज्यासाठी हे लिहितोय ती गोष्ट वेगळीच आहे. ते नाव तोंडातून गेलं तेव्हा मला आधी लाज वाटली नाही. आधी बरं वाटलं. एक मोठं काम हातावेगळं झाल्यासारखं वाटलं. लाज नंतर आली. लाजेचं काही नाही, ती जाईल. त्या बरं वाटण्याची मला भीती वाटते, आणि ते मी हिलाही सांगितलेलं नाही.

मागच्या मंगळवारी घड्याळजींची बायको आमच्या दारात येऊन उभी राहिली. हिने ठरलेलं वाक्य सांगितलं. बाई म्हणाल्या, "बरं. संपली की येऊ द्या बाहेर. मी बसते." आणि बसल्या. सकाळभर बसल्या. हिने दिलेला चहा त्यांनी घेतला नाही. मला आतून त्यांचं खोकणं ऐकू येत होतं. शेवटी मला बाथरूमला जायचं होतं म्हणून दार उघडावं लागलं. एवढा आध्यात्मिक प्रसंग तुझ्या भावाच्याच वाट्याला यायचा.

त्या म्हणाल्या, "पाळकसाहेब, माझ्या माणसाला तुम्ही नावाशिवाय पुरलंत. त्याच्या जागेत तुमचं नाव ठेवून आलात. मला ते नको आहे."

मी म्हणालो, "बाई, मला माफ करा."

"माफी घेऊन काय करू? चला, आणि त्याचं नाव घेऊन ते वाक्य पुरं करा. मला अन्न जात नाही."

त्यांच्या बोलण्यात दया नव्हती, आणि त्यामुळेच बहुतेक मी उठलो. हिने माझ्या बुटांच्या लेस बांधल्या. आम्ही तिघं रिक्षाने दफनभूमीत गेलो. माती अजून बसलेली नव्हती, वर कुणीतरी ठेवलेली फुलं काळी पडली होती. मी पुस्तक उघडलं. चिठ्ठी टाचणीसकट तिथेच होती. मी "आमचा प्रिय बंधू" एवढं म्हणालो आणि पुढे जाऊ शकलो नाही. पुढे माझंच नाव येईल अशी मला खात्री वाटत होती. बाई वाट बघत राहिल्या. मी पुन्हा सुरू केलं, पुन्हा अडलो.

बाईंनी चष्मा आणला नव्हता. त्या हिला म्हणाल्या, "तुम्ही वाचा." हिने माझ्या शेजारी येऊन वाचायला सुरुवात केली. नावाच्या जागी ती थांबली आणि तिने बाईंकडे बघितलं. बाईंनी नवऱ्याचं नाव घेतलं. मोठ्याने, नीट, कुणाला जेवायला हाक मारावी तसं. हिने पुढचं वाक्य पुरं केलं. मी फक्त पुस्तक धरून उभा होतो. मग बाई वाकल्या, काळी फुलं गोळा केली आणि म्हणाल्या, "झालं. आता मला घरी सोडा." त्यांनी मला माफ केलं की नाही, मला माहीत नाही.

घरी आलो तर फोन वाजत होता. चिटणीस, गाद्यांसाठी. हिने फोन उचलला आणि म्हणाली, "साहेबांना बरं नाही. नाही, ताप नाही. मनाने बरं नाही." तिकडून काहीतरी बोलणं झालं. ही म्हणाली, "नाही, प्रार्थनेत नाहीत. आणि प्रार्थनेत आहेत असं मी पुन्हा कुणाला सांगणार नाही." एव्हाना दोन्ही तटांना कळलं असेल. एवढ्या एका बाबतीत त्यांच्यात एकी आहे.

आता जे आपण दोघं कधीच बोललो नाही ते लिहितो. लिहिताना पेन चालत नाहीये, तरी लिहितो.

बाबा गेले तो सोमवार. मंडळीत अजून सांगतात की आपले पाळकसाहेब प्रार्थना करता करता गेले. मी स्वतः व्यासपीठावरून हे सांगितलं आहे, लोकांनी डोळे पुसले आहेत. पण आई आत गेली तेव्हा मी तिच्या मागे होतो. तिने बाबांच्या उशाजवळून काहीतरी उचललं आणि डाव्या मुठीत धरलं, आणि मगच पुढचं दार उघडलं. लोक येत राहिले. ती उजव्या हाताने सगळ्यांचे हात हातात घेत होती. डावी मूठ तिने संध्याकाळपर्यंत उघडली नाही. तू तिला कपबशी द्यायला गेलीस तेव्हा ती तुला म्हणाली, खाली ठेव. तू तिच्या मुठीकडे बघितलंस आणि मग माझ्याकडे बघितलंस. म्हणून मला माहीत आहे की बाबा आपणहून गेले हे तुलाही माहीत आहे.

आईला मी दोष देत नाही. तिने बाबांची अब्रू राखली, आपलं घर राखलं. पण ताई, बाबांना कुणी राखलं नाही. इतकी वर्षं लोक आदराने मान झुकवून परत जात राहिले. एकजण जरी घड्याळजींच्या बायकोसारखा बसून राहिला असता तर काय झालं असतं, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. आणि मी आता बाबांच्या वयाला आलो आहे.

पोरीच्या लग्नाला मी येईन. लग्न दुसरं कुणीतरी लावेल. मी पुढच्या बाकावर भावोजींच्या शेजारी बसेन, त्यांनी चालवून घ्यावं. तिला खरं कारण सांग. अजिबात गोड करून सांगू नकोस.

शिबिरातल्या त्या डॉक्टरीणबाईंकडे हिने पुढच्या गुरुवारची वेळ घेतली आहे. ही सोबत येणार आहे. पण मला माझी खोड माहीत आहे. खुर्चीत बसलो की मी त्या बाईंचीच विचारपूस करीन, त्यांच्या घरची दुखणी ऐकून घेईन आणि हसत बाहेर येईन. हिच्यासमोर मला ते जमतं, इतकी वर्षं जमवलंच आहे. तुझ्यासमोर जमणार नाही. तू शेजारी असलीस तर मला मुठीबद्दल सांगावं लागेल, आणि त्या दिवशीच्या बरं वाटण्याबद्दलही.

म्हणून तू ये. लग्नाची खरेदी अर्धवट असेल तर अर्धवट टाकून ये. हे पत्र मिळाल्यावर फोन करू नकोस. फोनवर मी बरा आहे असं सांगेन आणि तुला ते पटेल, कारण माझा आवाज फार चांगला आहे, सगळे म्हणतात. आवाजावर जाऊ नकोस. गुरुवारच्या आधी ये. आल्यावर ही तुला थांबवणार नाही. सरळ आतल्या खोलीत ये आणि मी जा म्हटलं तरी जाऊ नकोस.

तू येईपर्यंत मी आहे. त्यापुढचं वचन आज देता येत नाही, एवढं मात्र देता येतंय म्हणून देतो.

तुझा धाकटा भाऊ